ठणका, सणक आणि केसासारखी सुई

मराठीत दुखण्याला शब्द कमी नाहीत. डोकं ठणकतं, दात ठसठसतो, पाठीत उसण भरते, पोटात कळ येते, काटा सलतो, पाय भरून येतात. जबडा किंवा चेहरा दुखतो म्हणून कोणी ॲक्युपंक्चरकडे वळतं, तेव्हा सुई कुठे टोचायची हा प्रश्न बराच नंतरचा असतो. आधी यातला कोणता शब्द लागू पडतो ते ठरवावं लागतं. पहिल्या भेटीतली निम्मी वेळ यात गेली तरी ती वाया गेली असं समजू नये. उलट, शब्द न विचारता थेट सुया काढणाऱ्याकडे थोडं सावधपणेच पाहावं.

नाडीच्या ठोक्याबरोबर होणारी, रात्री आडवं झालं की वाढणारी ठसठस बहुधा दाताची किंवा हिरडीची असते. आत पू धरलेला असतो. तिथे सुईचं काही काम नाही, दंतवैद्याचं आहे. सणक वेगळी. ती विजेसारखी येते, सेकंदभर किंवा फार तर दोनेक मिनिटं टिकते, चेहऱ्याच्या एकाच बाजूला येते आणि तोंड धुताना, दात घासताना, वाऱ्याच्या झुळकीनेही येते. दोन सणकांच्या मधे माणूस बहुतेक वेळा अगदी बरा असतो. हे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या मज्जातंतूच्या दुखण्याचं लक्षण, आणि त्यावर पहिला उपाय कार्बामाझेपिनसारखं औषध. सतत आग होते, कातडीला कपडा लागला तरी सहन होत नाही, मागे कधी तिथे नागीण येऊन गेलेली असते, तर तीही मज्जातंतूचीच, म्हणजे नसेचीच, तक्रार. आणि राहिलं ते गाल भरून आल्यासारखं, जड, ओढल्यासारखं, सकाळी उठल्यावर किंवा संध्याकाळपर्यंत वाढत जाणारं, बोट नेमकं एका जागी ठेवता न येणारं दुखणं. हाताचा अख्खा तळवा गालावर ठेवून माणूस सांगतो, ‘हे सगळं दुखतंय.’ हे स्नायूचं दुखणं. जबड्याच्या तक्रारींत सगळ्यात जास्त आढळतं ते हेच, आणि ॲक्युपंक्चरच्या सुईचा अधिकार सर्वांत जास्त चालतो तोही इथेच.

बोट एका जागी, कानाच्या पुढे, ठेवता आलं तर सांध्याकडे वळायचं. दोन्ही तर्जन्यांची टोकं कानाच्या भोकापुढच्या त्या छोट्या उंचवट्याच्या किंचित पुढे टेकवून सावकाश आ करून पाहावा. सुरुवातीला हाड जागच्या जागी गोल फिरतं, दाराच्या बिजागरीसारखं. नंतर बोटाखालून ते पुढे सरकून जातं आणि बोट खळग्यात जातं. आधी फिरणं आणि मग घसरणं, अशी दोन कामं एकाच सांध्यात होतात. खालच्या जबड्याचं हे गोलसर डोकं आणि कवटीतली खोबण यांच्यामधे एक चिवट चकती असते. चकती पुढे सटकलेली असली की तोंड उघडताना डोकं तिच्यावर चढतं आणि ‘कट्’ असा आवाज येतो. मिटताना पुन्हा सटकते, पुन्हा आवाज, बहुधा थोडा हळू.

या कटकटीबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण लोक सर्वांत जास्त घाबरतात तिलाच. न दुखणारी कटकट पुष्कळ लोकांना असते आणि तिला उपचाराची गरज नसते. सुईने सटकलेली चकती जागेवर येत नाही. दहा बैठकांत आवाज घालवून देतो असं कोणी सांगत असेल तर त्याला चकती कशी बसलेली असते ते ठाऊक नाही, किंवा ठाऊक आहे आणि तो सांगत नाही. दुखणं कमी होऊन आवाज तसाच राहणं हा सुईच्या उपचाराचा चांगला निकाल आहे.

काळजीची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षांची कटकट एके दिवशी अचानक बंद होते, आनंद व्हावा तर तोंड दोनच बोटं उघडतं आणि उघडताना हनुवटी दुखऱ्या बाजूला वळते. चकती आता पुढे अडकून बसली आहे आणि डोक्याला तिच्यावर चढताच येत नाही. इथे वेळ न घालवता जबड्याच्या सांध्याचं काम करणाऱ्या दंतवैद्याला किंवा मुखशल्यचिकित्सकाला दाखवावं. सुई सोबतीला चालेल, पण पुढाकार तिचा नाही. वाळू चावल्यासारखी करकर ऐकू येत असेल तर सांध्याच्या हाडाची झीज धरून चालावी.

तोंड किती उघडतं ते मोजण्याचं माप आपल्याच हाताला आहे. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून समोरच्या दातांत जायला हवीत. मिलिमीटरमध्ये साधारण ४० ते ५०. उपचार सुरू करण्याआधी पट्टीने वरच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहून ठेवावं, न दुखता किती आणि ताणून किती असं दोन्ही. चौथ्या बैठकीला ‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नाला माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो. पट्टी भिडेखातर काही बोलत नाही.

आता स्नायू. दात घट्ट आवळले की गालाच्या मागच्या भागात बोटाखाली जो टणक गोळा उठतो तो मॅसेटर. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस. जबड्याच्या कोनाच्या आतल्या अंगाला मीडियल टेरिगॉइड, आणि सांध्यापुढे खोल दडलेला लॅटरल टेरिगॉइड, ज्याला बाहेरून बोट खऱ्या अर्थाने लागतच नाही. तपासताना मॅसेटर आणि टेम्पोरॅलिसवर साधारण एक किलो वजनाचा दाब देतात, सांध्यावर त्याच्या निम्मा. एक किलो म्हणजे किती हे बोटाला कळायला हवं असेल तर वजनकाट्यावर बोट दाबून शिकता येतं. बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो, आणि तो कोणत्या बाजूला चुकतो हे पाहणं उद्बोधक असतं. दाबल्यावर दुखणं एवढंच पुरेसं नाही, जोरात दाबलं तर कोणाचाही गाल दुखतो. ‘हेच ते, हेच माझं रोजचं दुखणं’ असं रुग्णाने ओळखलं पाहिजे.

दाब पाच सेकंद तसाच ठेवला की आणखी एक गंमत कळते. दुखणं दुसरीकडे पोचतं. मॅसेटरमधली गाठ दाढेत दुखते, कधी वरच्या, कधी खालच्या. त्याच स्नायूचा खोल भाग कानात दुखतो. टेम्पोरॅलिस वरच्या दातांत आणि कपाळाच्या बाजूला दुखतो. मानेच्या बाजूचा लांब स्नायू कपाळावर आणि कानामागे. निरोगी दाढेचं रूट कॅनाल होतं, तरी दुखणं राहतं, मग शेजारच्या दाढेचं होतं, ही साखळी अनेकदा इथून सुरू होते. दाढ बधिर करून पाहिली आणि तरीही दुखणं राहिलंच, तर उगम दाढेत नाही असं समजायला जागा आहे.

सुईआधी आणखी एक चाळणी लागते. पन्नाशीच्या पुढचा माणूस, चावताना जबडा थकून दुखतो आणि थांबलं की बरं वाटतं, कानशिलाला हात लावला तरी दुखतं, केस विंचरवत नाहीत, मधेच नजर अंधुक होते, तर कानशिलाच्या धमनीला सूज आलेली असू शकते. यात दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर. जिना चढताना जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, तर हृदय तपासायचं. ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, वाढत जाणारी गाठ, आठवड्यागणिक कमी कमी उघडणारं तोंड, तोंडात न भरणारी जखम, ताप आणि गालाला सूज, यातलं काहीही असेल तर सुया पाकिटातच राहू द्याव्यात.

इतकं झाल्यावर सुई. ती केसासारखी असते म्हणतात, आणि चेहऱ्यासाठीच्या बारीक सुया खरोखरच त्याच्या आसपास असतात: जाडी ०.१६ ते ०.२० मिलिमीटर, लांबी १३ ते २५ मिलिमीटर. मॅसेटरसारख्या जाड स्नायूत आणि हातात ०.२५ मिलिमीटरची, २५ ते ३० मिलिमीटर लांब सुई चालते. इंजेक्शनच्या सुईसारखी ती पोकळ नसते, भरीव असते, आणि टोक कापून धारदार केलेलं नसून निमुळतं असतं. म्हणून ती पेशी कापत जात नाही, बाजूला सारत जाते. निर्जंतुक, सीलबंद, एकदाच वापरायची. उकळून पुन्हा वापरण्याचा काळ संपला आहे आणि त्याबद्दल हळहळ वाटून घेण्याचं कारण नाही.

रुग्णाला पहिल्या वेळी बसवून सुया लावू नयेत. उताणं झोपवावं, गुडघ्यांखाली उशी द्यावी. दीड-दोन तासांपूर्वी काही खाल्लेलं असावं, उपाशीपोटी सुई घेणाऱ्याला घेरी लवकर येते. रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर, गरोदरपण, हृदयाची कृत्रिम झडप, निकेलची ॲलर्जी, सुरकुत्यांसाठी चेहऱ्यात भरलेलं फिलर, हे सगळं आधी विचारायचं. चष्मा, कानातले आणि काढता येणारी कवळी काढायची. दाढी असेल तर अडचण नाही, पण दाट दाढीत सुई विसरण्याचा संभव असतो. म्हणून किती लावल्या आणि किती काढल्या हे मोजायचं, दोन्ही वेळा, मोठ्याने.

बिंदूंची, म्हणजे सुई टोचायच्या ठरलेल्या जागांची, चिनी नावं माहीत असावीत, कारण ती जागा लक्षात ठेवायला मदत करतात. जिआचं, क्रमांकाने एसटी-६, याचा अर्थ जबड्याची गाडी असा. जबड्याच्या कोनापासून एक बोट पुढे आणि वर, दात आवळले की गोळा सर्वांत वर येतो तिथे. खूण दात आवळून शोधायची, सुई मात्र दात सैल सोडल्यावर. आवळलेल्या स्नायूत सुई गेली तर ती दुखते आणि अडकते. सरळ आत, ८ ते १२ मिलिमीटर पुरे.

शिआगुआन, एसटी-७, म्हणजे खालचं द्वार. गालाच्या हाडाच्या कमानीखाली, जबड्याच्या डोक्याच्या पुढे एक खळगा लागतो, तो तोंड मिटलेलं असताना. तोंड उघडलं की तो बुजतो, कारण मघाशी बोटाखालून पुढे सरकलेलं तेच डोकं आता त्या जागी येऊन बसतं. साऱ्या उपचारातली सर्वांत महत्त्वाची खुबी हीच. शिआगुआनमध्ये सुई असताना रुग्णाने जांभई दिली, शिंकला किंवा गप्पा मारू लागला की हाड सुईवर येतं आणि सुई वाकते. ‘आता वीस मिनिटं तोंड उघडायचं नाही’ हे सुई लावण्याआधी सांगायचं. सुई लावल्यावर सांगितलं तर माणूस ‘का?’ म्हणून विचारतोच. आणि हाताशी एक घंटी द्यावी, म्हणजे बोलावं लागत नाही. सरळ आत १० ते १५ मिलिमीटर गेलं की थांबावं. त्याहून खोल लॅटरल टेरिगॉइड आहे हे खरं, पण तिथेच मॅक्सिलरी धमनी आणि शिरांचं जाळंही आहे. त्या स्नायूपर्यंत मुद्दाम जाणारे शिकलेले हात असतात, पण ज्याला खालची रचना डोळे मिटून दिसत नाही त्याने तिकडे जाऊ नये.

कानापुढचे तीन बिंदू एकाखाली एक येतात: अरमन, टिंगगोंग, टिंगहुई. टिंगगोंग म्हणजे ऐकण्याचा महाल. यांचा नियम बरोबर उलटा. तोंड उघडलं की जबड्याचं डोकं पुढे जातं आणि कानापुढे खळगा पडतो, तो तेव्हाच सापडतो. पूर्वी तोंड उघडं ठेवायला दातांत लहान गुंडाळी धरायला देत. सुई बसली की सावकाश मिटायला सांगता येतं. इथून कानशिलाची धमनी वर जाते, बोटाने ठोका चाचपून तिला चुकवायचं. एकाच बाजूला शिआगुआन आणि टिंगगोंग दोन्ही लावण्याचा मोह आवरावा. एकाला तोंड मिटलेलं हवं, दुसऱ्याला उघडं, आणि दुखऱ्या सांध्याभोवती सुयांची गर्दी करून फायदा वाढत नाही.

जबडा सोडून हाताला सुई कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. हेगु, एलआय-४, अंगठा आणि तर्जनीच्या मधे. अंगठा तर्जनीला चिकटवला की जो उंचवटा येतो त्याच्या माथ्यावर, तर्जनीच्या तळहाडाच्या मध्याजवळ. चिनी वैद्य पाठांतरासाठी जी जुनी पद्यं म्हणत त्यांतल्या एका ओळीत चेहरा आणि तोंड यांचा सगळा भार हेगुवर सोपवलेला आहे. इथे १२ ते २० मिलिमीटर. गरोदरपणात हा बिंदू टाळण्याची परंपरा आहे. ती पाळण्यात काही गमावत नाही, दुसरे बिंदू आहेत. मानेत, कवटीच्या खालच्या कडेला, दोन स्नायूंच्या मधल्या खोलगटात फंगची, जीबी-२०, वाऱ्याचं तळं. याचं टोक नेहमी नाकाच्या शेंड्याच्या दिशेने आणि २० मिलिमीटरच्या आसपास. वर आणि आत वळवलं तर पुढे मज्जारज्जूचा वरचा भाग आणि कशेरुक धमनी आहे, तिथे चुकीला जागा नाही. पायाला अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मधून वर गेल्यावर ताइचोंग. ज्यांचं दात आवळणं मनाच्या ताणाशी जोडलेलं असतं त्यांच्यात तो घालण्याची पद्धत आहे.

बिंदू शोधायचं माप बोटांचं आहे, आणि बोट रुग्णाचं, उपचारकाचं नव्हे. चिनी ‘त्सुन’ म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी. आडदांड हातांचा उपचारक आपल्या अंगठ्याने किरकोळ अंगाच्या माणसाचे बिंदू मोजू लागला तर मॅसेटर सोडून लाळग्रंथीत पोचायचा.

सुई योग्य जागी गेली की जे जाणवतं त्याला चिनी शब्द आहे, ‘दची’. कातडी पार होताना टोचतं ते हे नव्हे. त्यानंतर, सुई हलकेच फिरवल्यावर, आत खोल काहीतरी भरून येतं, जड होतं, बधिर दुखतं, कधी दाढेकडे किंवा कानाकडे पसरतं. मराठीत ‘भरून येणं’ याच्या जितकं जवळ जातं तितका दुसरा शब्द जात नाही. मघाशी आजाराला लावलेलाच शब्द इथे पुन्हा आला, हे ध्यानात घ्यावं. दुखणं आणि दची एकाच स्नायूतून बोलतात. जर सणक गेली, वीज चमकल्यासारखं झालं, तर सुई नसेला लागली आहे. लगेच दोन मिलिमीटर मागे घ्यायची. सणकेला दची समजून ती वाढवत नेणं ही नवशिक्याची चूक, आणि ती सोसत बसणं ही रुग्णाची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाण्याची इथे काही गरज नसते.

सुया साधारण २० मिनिटं ठेवतात. मधे एक-दोनदा हलकेच फिरवतात किंवा जिआचं आणि शिआगुआन यांना बारीक तारा लावून २ हर्ट्झची वीज सोडतात. गाल नुसता थरथरावा, उडू नये. पेसमेकर असेल तर ही वीज नको.

ड्राय नीडलिंग म्हणून जे चालतं त्यात सुई तीच असते, विचार वेगळा. तिथे बिंदूऐवजी स्नायूतली घट्ट दोरी आणि तिच्यातली गाठ शोधतात, सुई आतबाहेर करतात आणि स्नायू क्षणभर फडफडला की काम झालं असं मानतात. प्रत्यक्षात मॅसेटरमधली सर्वांत दुखरी गाठ आणि जिआचं यांत कित्येकदा अर्ध्या बोटाचंही अंतर नसतं. दोन्ही पंथ एकमेकांना नावं ठेवतात, मॅसेटरला त्याची खबर नसते. माझा कल गाठ शोधण्याकडे आहे, पण फडफड उठवण्यासाठी पंधरा-वीस वेळा भोसकण्याकडे मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी चावता आलं पाहिजे.

बिघडतं काय? सर्वांत जास्त वेळा, निळं पडतं. चेहऱ्यात रक्तवाहिन्या भरपूर, आणि सुई काढल्यावर रक्त लगेच दिसत नाही, अर्ध्या मिनिटाने उगवतं. म्हणून काढताच कापसाने मिनिटभर दाबून धरायचं, चोळायचं नाही. कानशिलावरचा ताइयांग बिंदू यात कुप्रसिद्ध आहे, दिसणारी शीर चुकवली तरी न दिसणारी सापडते. लग्नाच्या किंवा फोटोच्या आदल्या दिवशी चेहऱ्यावर सुया घेऊ नयेत हा शहाणपणा पुस्तकातून शिकावा. घेरी आली, घाम फुटला, चेहरा पांढरा पडला, तर सगळ्या सुया लगेच काढून पाय वर करायचे. सुई अडकली तर ओढायची नाही. स्नायूने ती धरलेली असते, उलट फिरवून सैल करायची, आजूबाजूला बोटाने हलकेच थोपटायचं, थोडं थांबायचं, स्नायू सोडतो. उपचारानंतर दिवस-दोन दिवस स्नायू व्यायामानंतर दुखतो तसा दुखू शकतो, हे आधी सांगितलं तर घबराट होत नाही. ट्रायजेमिनल न्यूराल्जियात मात्र जिथे स्पर्श केला की सणक उठते त्या पट्ट्यात सुई लावायचीच नाही. हातापायाला किंवा दुसऱ्या बाजूला लावतात, औषध चालू ठेवून. कार्बामाझेपिन आपल्या मनाने बंद करायला सांगणाऱ्या माणसाकडे परत जाऊ नये. गंभीर इजा दुर्मीळ आहेत. ब्रिटनमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या पाहण्यांत, एकीत ३२,००० आणि दुसरीत ३४,००० उपचारांत, एकही गंभीर दुष्परिणाम नोंदला गेला नाही. त्या प्रशिक्षित हातांच्या पाहण्या होत्या, हे विसरू नये.

आणि हे सगळं चालतं कसं? दुखऱ्या जागेपासून दूर हातात टोचलेली सुई दातावर परिणाम करते का, हे १९७७ साली थेट तपासलं गेलं. निरोगी माणसांच्या दाताला विजेने दुखवलं, हेगुमध्ये सुई फिरवली, दात दुखू लागायला जास्त वीज लागू लागली. मग नॅलोक्सोन दिलं, जे अफूजन्य औषधांचा असर उतरवतं, आणि सुईचा असरही उतरला. शरीर स्वतःचीच वेदनाशामकं सोडतं या कल्पनेला त्यामुळे जोर आला. पुढे काही संशोधकांना तसाच निकाल मिळाला नाही, त्यामुळे सगळं श्रेय एन्डॉर्फिनला, म्हणजे शरीराच्या त्या वेदनाशामकांना, देऊन मोकळं होता येत नाही. २०१० मध्ये उंदरांवरच्या कामात सुईच्या जागी ॲडेनोसिन हे दुखणं शमवणारं द्रव्य वाढलेलं दिसलं. मानेतल्या फंगचीचं उत्तर शरीररचनेतच मिळतं: चेहऱ्याच्या नसेचे तंतू मेंदूच्या देठातून खाली उतरून मानेच्या वरच्या नसांच्या तंतूंना एकाच केंद्रात भेटतात. मान आवळलेली असेल तर जबडा दुखतो, आणि मान सुटली की तोही थोडा सुटतो, हे त्या भेटीमुळे.

खरा अवघड प्रश्न खोट्या सुईचा आहे. १९९८ मध्ये तुलनेसाठी एक बोथट सुई तयार झाली, दाबली की ती स्वतःच्याच मुठीत मागे सरकते. रुग्णाला टोचल्यासारखं वाटतं, आत काही जात नाही. जबड्याच्या दुखण्यावरच्या काही चाचण्यांत खरी सुई सरस ठरली, काहींत खऱ्या आणि खोट्या दोन्हींनी जवळजवळ सारखाच आराम दिला. चाचण्या लहान, बिंदू वेगवेगळे. स्वीडनमध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुया आणि दातांवर घालायची पट्टी यांची तुलना झाली, आणि दोन्हींचा फायदा वर्षानंतरही टिकलेला दिसला. डिसेंबर २०२३ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत जोरदार शिफारस आहे ती व्यायाम, हाताने केलेली सांध्याची हालचाल, स्नायूतल्या गाठींवर दाब आणि विचार-वर्तनाचा उपचार यांची. ॲक्युपंक्चरचं नाव ‘करून पाहायला हरकत नाही’ अशा सौम्य शिफारशीच्या यादीत आहे. ज्या रात्रीच्या पट्ट्या सर्रास बसवल्या जातात त्या, आणि स्नायू सैल पाडणारी बोट्युलिनमची इंजेक्शनंही, ‘शक्यतो नको’च्या यादीत आहेत. सुईच्या भक्तांना हे थोडकं वाटेल आणि टीकाकारांना जास्त. मला ते यथायोग्य वाटतं. खोट्या सुईने थोडा आराम पडतो म्हणून खऱ्या दुखण्याला खोटं म्हणता येत नाही. पण व्यायाम सोडून नुसत्या सुया घेत राहणाऱ्याला या सूचनांत कुठलाही आधार सापडणार नाही.

म्हणून सुईने मिळालेला वेळ कशासाठी वापरायचा ते त्याच दिवशी ठरवायचं. सुया निघाल्यावर काही तास गाल सैल असतो. तेव्हाच जबड्याला त्याची विश्रांतीची जागा शिकवायची: ओठ मिटलेले, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या जरा मागे टाळूला टेकलेलं, ‘न’ म्हणताना असतं तिथे, आणि दातांना दात लागलेले नाहीत. दात एकमेकांना लागावेत ते चावताना आणि गिळताना. दिवसभर काम करताना, वाहन चालवताना, मोबाइल पाहताना बहुतेकांचे ते नकळत टेकलेले असतात. जोराने आवळलेलेच असतात असं नाही. नुसते टेकलेले असले तरी स्नायू जागाच राहतो. दर तासाला एकदा पाहायचं, टेकलेत का. टेकले असतील तर ‘न’. मग जीभ टाळूवरच ठेवून, जीभ सुटणार नाही इतकंच तोंड सहा वेळा उघडायचं-मिटायचं, दिवसातून सहा वेळा. रात्री गालावर पंधरा मिनिटं ओला शेक. च्युइंगम, नखं, पेनाचं टोक बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. एका कुशीवर हात गालाखाली घेऊन झोपायची सवय असेल तर तीही सोडायची.

बैठका सुरुवातीला आठवड्याला एक, फार दुखत असेल तर दोन. एकूण सहा ते आठ. बदल पहिल्याच दिवशी दिसतो असं नाही. पण तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत वहीतला आकडा हलायला हवा: तोंड चार-पाच मिलिमीटर जास्त उघडावं, किंवा दुखण्याला दहापैकी दिलेले गुण दोन-तीनने उतरावेत, किंवा आठवड्यातल्या वेदनाशामक गोळ्या कमी व्हाव्यात. तिन्हींपैकी काहीच हललं नाही तर बिंदू बदलून आणखी दोन बैठका. तरीही नाही, तर सुया थांबवायच्या आणि पहिल्या दिवशी लिहून घेतलेला शब्द पुन्हा वाचायचा. ठणका म्हणून लिहिलेलं दुखणं नीट विचारल्यावर ठसठस निघतं, आणि क्ष-किरणात एका जुन्या दाढेच्या मुळाशी काळी सावली दिसते, असंही होतं.